कुठल्या वेळचं?

नवी मुंबई आखताना सिडकोने प्रत्येक नोडसाठी स्टेशन, बाजार, शाळा आणि बगीचा यांच्या जागा कागदावर आधीच ठरवून ठेवल्या होत्या. रेकॉर्डकाका कुठल्याच नकाशात नव्हते. तरी नोडागणिक एकेक आलेच. वाशीला आहेत, नेरुळला आहेत, बेलापूरला तर दोन आहेत आणि ते एकमेकांच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. एका तबकडीवर ओरखडा कोणी पाडला, याचा निकाल अजून लागायचा आहे.

रेकॉर्डकाका ओळखायची खूण सोपी. सहज म्हणायचं, "काल बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा' ऐकलं हो, काय गायलेत!" साधा माणूस "वा!" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. रेकॉर्डकाका चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुठल्या वेळचं?"

आपण म्हणतो, मोबाईलवर होतं. झालं. संगीतावर मत द्यायचा आपला अधिकार तिथे संपतो.

आमच्या वाशीचे काका मूळचे गिरगावातल्या चाळीतले. रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलाची घनता मोजण्यात नोकरी गेली, आणि मोजायची सवय निवृत्तीबरोबर सुटली नाही. चाळीतल्या दोन खोल्यांत आई-वडील, भावंडं आणि ग्रामोफोन यांची दाटी झाल्यावर त्यांनी खाडी ओलांडली. माणसं मुंबईबाहेर आली ती जरा जास्त जागा मिळावी म्हणून. काकांना ती मिळाली आणि त्यांनी ती तबकड्यांना दिली. आतल्या खोलीत भिंतभर कपाट आहे. त्यात अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या, एलपी, स्पूल, कॅसेटी आणि सीडी आहेत. सगळ्या उभ्या, एकही आडवी नाही. पाहुणा आला तर त्याला मात्र हॉलमध्ये आडवं व्हावं लागतं.

खाडीकाठच्या हवेत टेप बुरसतात. त्यावर उपाय म्हणून काका पादत्राणांच्या खोक्यांत निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करतात. सोसायटीत कोणी नवे बूट घेतले की संध्याकाळी काका दारात. "बूट छान आहेत. पुडी टाकली नाहीत ना?" शुक्रवारी अंधार असताना हार्बरची लोकल धरून ते सँडहर्स्ट रोडला उतरतात आणि चोरबाजार गाठतात. परत येतात तेव्हा पिशवीत वर पालेभाजी असते. ती काकूंसाठी असते; म्हणजे खाण्यासाठी नव्हे, खालची तबकडी दिसू नये म्हणून. काकू ती जुडी उचलतात, खाली बघतात आणि म्हणतात, "अहो, हे आपल्याकडे आहे." काका दुखावतात. "हा दुसरा टेक आहे."

काकांकडे ऐकायला बसणं हा एक विधी आहे. चिवडा मिळतो, पण रेकॉर्ड चालू असताना चावायचा नाही. 'नाथ हा माझा' म्हणजे 'संगीत स्वयंवर'. खाडिलकरांचं नाटक, १९१६ साल, चाली भास्करबुवा बखले यांच्या. पद यमनातलं. हे सगळं काका उभं राहून सांगतात. मग सुई टेकते, चरचर सुरू होते, चरचरीतून नारायणरावांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, आवाज येतो आणि अंगावर काटा उभा राहतो. काटा उतरायच्या आत तीन मिनिटं संपतात. तबकडीच तेवढी. भास्करबुवांची चाल असो की कुणाचा अख्खा यमन, जे काय सांगायचं ते तेवढ्यातच.

"आता हीच पुन्हा ऐका," काका म्हणतात आणि एक खटका फिरवतात. पुन्हा तेच पद, पण आवाज जरा खाली, जरा जड. "अठ्ठ्याहत्तर हे नाव झालं हो. त्या काळी यंत्रं काय नेमकी तेवढीच फिरायची? मिनिटाला चार-साडेचार फेरे कमी करा, आवाज बरोबर एक पट्टी उतरतो. तुम्ही मघाशी ऐकलेत ते नारायणराव घाईत होते. हे खरे."

मला मघाचेच आवडले होते. पण असं बोलायचं नसतं.

मग तेच पद इतर गायकांच्या आवाजात येतं. कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' असा कार्यक्रमच केला होता; तो लावण्याआधी, कुमारांना नेमकं काय उमजलं हे कळावं म्हणून, नारायणराव पुन्हा एकदा. २०११च्या 'बालगंधर्व' चित्रपटातले आनंद भाटे लावण्याआधी, ते कोणाच्या किती जवळ गेलेत हे कळावं म्हणून, नारायणराव पुन्हा एकदा. बैठक संपते तेव्हा चिवडा मऊ पडलेला असतो, आणि 'नाथ हा माझा' हे रुक्मिणीचं प्रेमाचं पद आहे ही गोष्ट सगळ्यांच्याच डोक्यातून गेलेली असते. यातल्या एका 'ह'वर एकाने जोर दिलाय आणि दुसऱ्याने नाही, एवढंच काय ते लक्षात राहतं.

नवे गायक काकांच्या तावडीतून सुटणं अशक्य. रेकॉर्डबरहुकूम गायले तर "नक्कल आहे." वेगळं गायले तर "चुकलं." 'कट्यार काळजात घुसली'मध्ये अभिषेकीबुवांनी एकाच पदाला दोन चाली दिल्या, एक पंडितजींच्या घराण्याची, एक खाँसाहेबांच्या. सामान्य श्रोत्याला दोन्ही आवडतात. काकांच्या दृष्टीने ही खास त्यांच्यासाठी केलेली सोय आहे. १९६७च्या नाटकातले वसंतराव देशपांडे आणि २०१५च्या चित्रपटातले त्यांचे नातू राहुल, असा आजा-नातवाचा सामना ते दिवाळीच्या फराळाला लावतात. नातू जिंकतोय असं कोणाच्या चेहऱ्यावर दिसलं, तर त्याला दुसरी करंजी मिळत नाही.

खाजगी मैफलींच्या टेप हा वेगळा कप्पा. त्यांच्यावर तारीख नसते, गाव नसतं. कॉपीची कॉपी होऊन आलेल्या असतात. त्या ओळखायची काकांची पद्धत गाण्याशी संबंधित नाही. ते खोकले ऐकतात. "हा बघा, अंतऱ्याच्या आधीचा. कोरडा, दोनदा. हाच गृहस्थ त्या दुसऱ्या टेपमध्ये मारव्याला खोकलाय. म्हणजे हॉल एकच, रात्र एकच." मागून लोकलचा भोंगा आला तर दादर, कोणी "क्या बात है" म्हणालं तर पुण्याबाहेर. गवई कोण, हे यात कधीकधी शेवटी येतं. त्या अज्ञात खोकणाऱ्याबद्दल काकांना इतकी आपुलकी वाटते, की एका टेपमध्ये तो सापडला नाही तेव्हा, "आजारी असेल बिचारा," असं म्हणाले.

मध्यंतरी काकांचा भाचा जर्मनीहून आला. येताना बीथोव्हेनच्या नऊ सिम्फन्यांचा डबा घेऊन आला. वाजवणारा कारायान. "यानेच या नऊच्या नऊ चारदा रेकॉर्ड केल्यात, मामा. पन्नासच्या दशकात, साठच्या, सत्तरच्या आणि ऐंशीच्या." काका ताठ बसले. चारदा? मग भाच्याने सांगितलं, की फुर्टवेंगलरने १९५१ मध्ये बायरॉइटला नववी वाजवली ती चौऱ्याहत्तर मिनिटांत, आणि अलीकडचे काही जण तीच तासाभरात उरकतात. कारण बीथोव्हेनने १८२६ साली नववीसाठी मेट्रोनोमचे आकडे लिहून दिले होते. ते खरे धरायचे, की त्याचं यंत्रच बिघडलं होतं म्हणायचं, यावर लोक अजून भांडतात.

"म्हणजे स्पीडचं भांडण त्यांच्यातही आहे!" काकांना परदेशात सख्खा भाऊ सापडल्याचा आनंद झाला. झुबिन मेहता मुंबईचेच, हेही त्यांनी त्याच ओघात स्वतःच्या बाजूला जमा केलं. ती रात्र त्यांनी स्टॉपवॉच घेऊन नववी ऐकण्यात काढली. सकाळी मात्र तोंड उतरलेलं. "त्यांचं सोपं आहे रे. बीथोव्हेनने कागदावर सगळं लिहून ठेवलंय. कोण किती चुकला ते कागद समोर ठेवून सांगता येतं. आमचे भास्करबुवा १९२२ साली गेले, त्यांच्या गळ्याची एक तबकडी नाही. चाल त्यांनी नारायणरावांच्या गळ्यात घातली. आणि नारायणराव वन्समोअर मिळाला की दर वेळी वेगळं गायचे, नाटक पहाट होईपर्यंत चालायचं. आता यातलं मूळ कुठलं धरायचं?"

मला वाटलं, आता काका म्हणणार की मूळ नाहीच, तेव्हा तुलना सोडा आणि ऐका. पण ते कपाटाकडे वळले. "म्हणून तर सगळ्या जमवाव्या लागतात."

एकदा त्यांना विष्णुदास भावे नाट्यगृहात नाट्यसंगीताच्या कार्यक्रमाला नेलं. १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' करणाऱ्या माणसाच्या नावाचं नाट्यगृह, त्यात 'स्वयंवर'ची पदं, शिवाय घरापासून रिक्षाचं किमान भाडं. नाही म्हणायला कारण नव्हतं. गायला एक तरुण मुलगी होती. आवाज मोकळा, डोळे मिटून गात होती. यमनात तिने तीव्र मध्यमावरून अशी काही अवघड जागा घेतली आणि इतकी अलगद समेवर आली की अख्ख्या नाट्यगृहाने टाळी दिली. मागच्या रांगेतून कोणीतरी "वन्समोअर" ओरडलं. काका हाताची घडी घालून बसले होते.

"ही जागा रेकॉर्डमध्ये नाही."

"तिला सुचली असेल, काका."

"१९१६ नंतर सुचून काय उपयोग?"

मुलीने वन्समोअर घेतला. पुन्हा त्याच जागेपाशी आली आणि या वेळी तिने भलतंच काही केलं, आधीच्याहून सुंदर. काकांचा उजवा हात घडीतून सुटला आणि मांडीवर पडला. मी बघितलं. त्यांनी मी बघितल्याचं बघितलं. "डास होता," ते म्हणाले. वाशीत डास असतात, हे कबूल करायलाच हवं. पण तोही समेवरच यावा?

काकांच्या आयुष्यातलं खरं दुःख याहून वेगळं आहे. ८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान'. गोविंदराव टेंबे यांच्या चाली, भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगभूमीवर समोरासमोर. पुढे तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले, आणि तसा सामना पुन्हा होणं नाही. त्या रात्रीचा एक सूर कुठे टिपलेला नाही. काका हे घरातलंच कोणी गेल्यासारखं सांगतात. भारतात तबकड्या १९०२ पासून निघतायत, एकोणीस वर्षांत एकाला भोंगा घेऊन तिथे जायची बुद्धी होऊ नये? भोंग्यात नाटक मावलं नसतं, हे आपण सांगायचं नाही.

सानपाड्याच्या नानांशी त्यांचं बिनसलं ते यावरून. दोघांची मैत्री जुनी, टेपची देवाणघेवाण चालायची, आणि नाना भेट दिलेली कॅसेट परत मागत नाहीत हा त्यांचा दुर्मिळ गुण होता. बोलता बोलता काका म्हणाले, त्या रात्री नारायणराव सरस ठरले. नाना म्हणाले, केशवराव. दोघांनी आठवणींची पुस्तकं काढली. पुस्तकांतही दोन तट निघाले. मग नानांनी काकांच्या नारायणरावांचा आवाज त्या रात्री जरा बसला होता असं विधान केलं, आणि कुणाच्या वडिलांना तिकीट मिळालं होतं यावर प्रकरण गेलं. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांपैकी एकाचाही जन्म तेव्हा झालेला नव्हता.

गेल्या महिन्यात आम्ही चार जणांनी मिळून दोघांना सागर विहारच्या एका बाकावर आणून बसवलं. समोर खाडी, वारा चांगला होता. आमच्यातला एकजण समजुतीने म्हणाला, "अहो, ज्याची रेकॉर्डच नाही त्यावरून भांडायचं कशाला?"

दोघे एकदम त्याच्याकडे वळले. "रेकॉर्ड असती तर भांडलो असतो का?" काका म्हणाले. "ऐकलं असतं, मिटलं असतं," नाना म्हणाले. ज्यांच्या रेकॉर्डी आहेत अशा पदांवरून या दोघांनी घातलेले वाद आम्हाला तोंडपाठ होते, पण आम्ही गप्प राहिलो. एकमत झालं होतं. कोणीतरी शेंगदाण्याची पुडी पुढे केली. काकांनी त्यातले चार दाणे नानांच्या हातावर ठेवले. नानांनी ते सोलले, फुंकर मारली, तोंडात टाकले, सावकाश चावले.

"पण केशवरावच," ते म्हणाले.

काका उठले, पुडी नानांच्या हातातून काढून घेतली आणि रिक्षास्टँडकडे चालू लागले.