फक्त बेअरिंगचा प्रश्न आहे

चुंबकराव कुणा एकाचं नाव नाही. प्रत्येक पेठेत, प्रत्येक एमआयडीसीच्या मागल्या कॉलनीत असा एक असतोच. बहुधा वीज मंडळातून नाहीतर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. विजेचं बिल आलं की तो चडफडत नाही, गालातल्या गालात हसतो. "भरा, भरा. थोडे दिवस राहिलेत."

घरातल्या एका खोलीवर त्याचा ताबा असतो. तिथे आडवं बसवलेलं सायकलचं चाक, जुन्या बाजारातून आणलेले स्पीकरचे चुंबक आणि नादुरुस्त हार्ड डिस्क फोडून काढलेले निओडिमियमचे तुकडे. या तुकड्यांचा जोर असा, की दोहोंच्या मध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं होतं. तेवढी एक खूण पाहिली की पंथ ओळखावा.

प्रयोग पाहायला मात्र मजा येते. चाकाच्या कडेला तिरके चिकटवलेले चुंबक. चुंबकराव हातातला मोठा चुंबक जवळ नेतात, चाक दचकून उठतं, गरगर फिरतं. आपण तोंडात बोट घालावं तोच ते एका जागी अडखळतं, मागेपुढे डुलतं आणि उभं राहतं.

"तो एक पॉइंट आहे," चुंबकराव म्हणतात. "तेवढा काढला की झालं. बाकी फक्त बेअरिंगचा प्रश्न आहे."

तो पॉइंट काही निघत नाही. चुंबक जवळ येताना जेवढी ओढ देतो, तेवढीच दूर जाताना वसूल करतो. एक फेरी पुरी झाली की जमाखर्च शून्य, आणि बेअरिंगची झीज नि हवेचा अडथळा अंगावर. पण हे सांगायचं कुणी? शेजारचे निवृत्त फिजिक्सचे सर सांगायला गेले होते.

"फ्रिजच्या दाराला चुंबक वर्षभर चिकटून बसतो. त्याला कोण वीज पुरवतं?" चुंबकरावांनी विचारलं.

"भिंतीतला खिळाही वर्षभर कॅलेंडर धरून असतो," सर म्हणाले. "नुसतं धरून ठेवणं म्हणजे काम नव्हे. वस्तू हलली तर काम."

"म्हणजे आमच्या ऑफिसातल्या साहेबाने तीस वर्षं कामच केलं नाही म्हणा की!" सभा चुंबकरावांनी जिंकली.

इतिहास त्यांना तोंडपाठ. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पारा भरलेल्या आऱ्यांचं, आपोआप फिरणारं चक्र सांगितलंय, हे पहिलं ब्रह्मास्त्र. त्यावर सर हळूच म्हणतात, की चाळीसगावजवळ पाटणला आचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. त्यात मठ काढल्याचं लिहिलंय. चक्र चाललं असतं तर तेही कोरलं नसतं का? दुसरं अस्त्र, १९७९ साली हॉवर्ड जॉन्सनला अमेरिकेत मिळालेलं चुंबकी मोटारीचं पेटंट. मग ती मोटार बाजारात का नाही? "तेलवाले," चुंबकराव आवाज खाली आणून सांगतात. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ सालीच असली यंत्रं तपासणं बंद केलं, तेव्हा हे तेलवाले कुठे होते, हा प्रश्न विचारू नये. चहा मिळत नाही.

आपल्याकडचा १९७० चा पेटंट कायदाही त्यांच्या मनातून उतरलाय. प्रस्थापित नैसर्गिक नियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला पेटंट नाही, असं त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय. "नियम कुणी प्रस्थापित केले? मला विचारलं होतं?"

हल्ली त्यांनी एक यंत्र खरोखर चालवून दाखवलंय. त्यात तांब्याची कॉइल आहे, ट्रान्झिस्टर आहे आणि कोपऱ्यात लाजत उभी एक बॅटरी.

"ही बॅटरी?"

"ती नुसती धक्का द्यायला."

धक्का तिन्हीत्रिकाळ चालू असतो. संध्याकाळी चाक थांबवून ते मल्टिमीटर लावतात. आधी ११.९ व्होल्ट, चहा होईपर्यंत १२.३. "बघा, स्वतःच चार्ज झाली!" लेड-ॲसिड बॅटरीवरचा भार काढला की तिचे व्होल्ट थोडे सावरतातच; त्याने तिच्यातली वीज वाढत नाही. या यंत्रावर एक बल्ब लावून दाखवा म्हटलं, तर चुंबकराव दुखावतात. नव्या सुनेला आल्या आल्या धुण्याला बसवावं तसं काहीतरी आपण बोललो, असा चेहरा करतात.

खरी गंमत गेल्या दिवाळीत झाली. पलीकडच्या पेठेतले दुसरे चुंबकराव आपलं यंत्र घेऊन भेटीला आले. फळीवर चकती, भोवती चुंबक, कॉइल नाही, बॅटरी नाही. चकती फिरायला लागली आणि थांबेचना. सर चष्मा पुसायला लागले. आमचे चुंबकराव मात्र जागचे उठले. फळीखाली हात घालून वायर चाचपली, चकतीला कान लावला, आलेल्या पाहुण्याकडे गुन्हेगाराकडे पाहावं तसं पाहिलं आणि कडाडले,

"आत सेल कुठे लपवलाय ते सांगा आधी! अहो, ऊर्जा काय आकाशातून पडते?"