सुरू करण्याआधी सुरूची चौकशी

मालगुंडात राहून फ्लामेंको गिटार घ्यायची ठरवली, की पहिली अडचण गावाच्या कीर्तीचीच येते. केशवसुत इथे जन्मले, १८६६ साली. स्मारक पाहायला आलेल्या पाहुण्याला 'तुतारी' आठवते, आणि त्यातल्या जाणत्याला 'सतारीचे बोल'. म्हणजे फुंकायचं आणि छेडायचं, दोन्ही वाद्यांची सोय गावानं शंभर वर्षांपूर्वीच लावून ठेवली आहे. तेव्हा "सतार का नको?" या प्रश्नाचं उत्तर होतकरू वादकानं आधीच तयार ठेवावं. "सतारीला बारा वर्षं लागतात" असं मात्र सांगू नये. फ्लामेंकोलाही तितकीच लागतात, आणि घरातल्या एखाद्या भाच्यानं ते मोबाइलवर पाहून ठेवलेलं असतं.

इच्छा कुठून झाली हेही जपून सांगावं. २०११ च्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'तलं 'सेन्योरिटा' हे खरं कारण असेल तर ते पोटात ठेवून पाको दे लुसियाचं नाव घ्यावं. स्थळ सुचवताना नातं लावतात तसं लावलं तर काम लवकर होतं: पाको १९८० च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जॉन मॅक्लॉफ्लिनच्या शेजारी बसून वाजवत होता, मॅक्लॉफ्लिननं त्याआधी 'शक्ती' काढलं होतं, आणि 'शक्ती'त तबल्यावर झाकीर हुसेन. इथवर आलं की काका पान लावायला घेतात. मामला घरचाच निघाला.

मग लाकूड. खरी गंमत इथे आहे.

फ्लामेंको गिटारीची वरची फळी स्प्रूसची, तर पाठ आणि बाजू सायप्रसच्या असतात. या फिकट पिवळ्या गिटारीला स्पेनमध्ये 'ब्लांका' म्हणतात, म्हणजे गोरी. पाठ-बाजू रोझवूडच्या, म्हणजे आपल्या शिसवाच्या भाईबंदांच्या असल्या की ती 'नेग्रा', काळी. (रंगावरून पसंती ठरवायची खोड निदान इथे मोडावी, नेग्राचा आवाज भारदस्त असतो.) ब्लांका काही थाटामाटासाठी गोरी झालेली नाही. सायप्रस स्पेनमध्ये हाताशी होता आणि स्वस्त होता, रोझवूड परदेशातून यायचं, आणि नाचगाण्यावर पोट भरणाऱ्यांच्या खिशाला सायप्रसच परवडायचा. आजच्या स्पॅनिश गिटारीचा घाट पक्का करणारा आल्मेरियाचा आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हाही मुळात सुतारच.

आता, सायप्रसला फारसीत 'सर्व' म्हणतात आणि आपला 'सुरू' त्यावरूनच आला. ही माहिती गावात फोडू नये. फोडली, की संध्याकाळपर्यंत कुणीतरी निरोप धाडतो, "आमच्या आवारातला सुरू वादळात आडवा झालाय, घेऊन जा, पैसे नकोत." कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे कॅज्युरिना, ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडून आलेला पाहुणा, सायप्रसशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. त्याचं लाकूड जड आणि कठीण, वासे नि जळणाला उत्तम. दुसरा कुणी फणस सुचवेल. तो मात्र अगदीच चुकत नाही, तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची होते. त्याला तसं सांगून, एक चहा पिऊन निघावं.

गिटार पाहायला आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी, नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूर, आणि हौस दांडगी असेल तर मुंबईत धोबीतलाव. तिथे १८६५ पासूनचं फुर्तादो आहे. दुकानात शिरल्यावर स्टीलच्या तारांच्या जाडजूड गिटारी पुढे येतील. त्यांना नमस्कार करावा. फ्लामेंकोच्या तारा नायलॉनच्या. त्या सहांचा ताण सारा मिळून चाळीसेक किलो, स्टीलच्या तारांचा सत्तरच्या पुढे. घरी आल्यावर "जरा खणखणीत वाजू दे" म्हणून कुणी स्टीलच्या तारा चढवल्या तर घोडी उखडून हातात येऊ शकते.

तारांची उघडी लांबी ६५० मिलिमीटर आणि वरच्या टोकाला पट्टीची रुंदी ५२ च्या आसपास, इतकं मोजून घ्यावं. फळीवर, तारांच्या खाली, पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा चिकटवलेला हवा. त्याला गोल्पेआदोर म्हणतात. फ्लामेंकोवाला वाजवता वाजवता बोटांनी फळीवर थापा मारतो आणि पत्रा नसेल तर स्प्रूसला वर्षभरात खळगे पडतात. जाखडीच्या ढोलकीशेजारी वाढलेल्या हाताला थाप शिकवावी लागत नाही; आवरावी लागते.

यानंतर ती घटना घडते जिच्यामुळे निम्मे गिऱ्हाईक चुकीची गिटार घेऊन घरी येतात. तार जोरात छेडली, की ती किंचित खरखरते. गिऱ्हाइकाचं तोंड पडतं. दुकानदार भलेपणानं घोडीच्या हाडाखाली पट्टी सरकवून तारा उंच करायला निघतो. त्याचा हात तिथल्या तिथे धरावा. शास्त्रीय स्पॅनिश गिटारीत बाराव्या पडद्यावर जाड तार चार मिलिमीटर उंच असते, फ्लामेंकोत तीन किंवा त्याहून कमी. बोटं झपाझप पळावीत म्हणून तारा खाली आणलेल्या असतात, आणि जोर लावला की त्या पडद्यांना चाटून गुरगुरतात. ही गुरगुर हवीच असते. ज्याच्या कानात तंबोरा मुरला आहे त्यानं तर तक्रारच करू नये. मिरजेचे कारागीर घोडी कानशीनं घासून घासून जवारी काढण्यात हयात घालवतात, आणि २०२४ साली तिथल्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी निघते घोडीवर आणि ही खरखर पडद्यांवर, एवढा फरक. पारख सोपी आहे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर आधी हलकी वाजवावी, तेव्हा सूर स्वच्छ यायला हवा, मग जोरात. हळू वाजवतानाही एकाच पडद्यावर चरचरत असेल तर तो दोष. ती गिटार परत भिंतीवर टांगावी.

पहिल्या गिटारीसाठी अख्ख्या लाकडाची वरची फळी पुरे. पाठ-बाजू थरांच्या लाकडाच्या असल्या तरी नाक मुरडू नये, कारण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गिटारीला निम्मीशीच आर्द्रता मानवते आणि जुलैत हवा पंचाऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. पापड सादळतो, तशी फळी फुगते. गिटार पेटीत, पेटीत सिलिका जेल, आणि पेटी ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवावी. "खाऱ्या हवेत असलं वाद्य टिकतंय कसलं" असं कुणी म्हणालं तर पाकोचं गाव आल्हेसिरास हे बंदर आहे, इतकंच सांगावं.

उजव्या हाताची नखं मात्र वाढवावी लागतात. घरातल्या कामांची वाटणी त्यानुसार नव्यानं करून घ्यावी. ओले काजू सोलणं पूर्ण बंद, चिकानं कातडी जाते तिथे नखाची काय कथा. खवळे काढायला बसवलं तर तालमीचं कारण पुढे करावं. हे कारण एका मोसमापेक्षा जास्त चालत नाही.

घरी पहिल्या संध्याकाळी पडवीत बसून पहिला धडा गिरवला जाईल. फ्लामेंकोचा आवडता मेळ फ्रिजियन, म्हणजे नेमके भैरवी थाटाचे सूर. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते. तिकडे शिकणारा तिच्यापासूनच सुरुवात करतो. चार सूर निघतात न निघतात तोच आजी गुडघ्यावर हात टेकून उठतील, "झालं होय रे? छान हो," म्हणतील, आणि पडवीतला दिवा मालवून आत जातील.