मार्फत : योग्य मार्गाने

समजा, बोदलकशाच्या तलावाकाठी एक उपकार्यालय निघालं आणि ते गोंदियाच्या मुख्य कचेरीतल्या जुन्या नॉवेल नेटवेअर सर्व्हरला इंटरनेटवरून जोडायचं ठरलं. नवी यंत्रणा घ्या म्हणणारा भाबडा. त्याने निविदा पाहिलेली नाही.

नेटवेअर बोलतं आयपीएक्स, इंटरनेटला कळतं आयपी. त्यावरचा तोडगा जून १९९१च्या आरएफसी १२३४ या इंटरनेटच्या परिपत्रकात आहे: आयपीएक्सचं पाकीट यूडीपीत, यूडीपीचं आयपीत, पोर्ट २१३. शासकीय टपालाला यात नवल ते काय? ‘मार्फत’ लिहायचं, आत काय आहे ते वाटेत कुणी विचारत नाही. डोकावलं तर मात्र सगळं दिसतं, म्हणून वर व्हीपीएनचं तिसरं, मोहोरबंद पाकीट.

एवढ्या बंदोबस्तात जातं काय? पुष्कळदा एवढंच, की सर्व्हर हजर आहे. ही हजेरी तो दर ६० सेकंदांनी न चुकता देतो. (काम करतोय, असा त्याचा दावा नाही.)

१९९८मध्ये नेटवेअर ५ स्वतःच आयपी बोलू लागलं, पुढे विंडोज व्हिस्टाने आयपीएक्सला घराबाहेर काढलं. कचेरीचा निर्णय तात्काळ झाला: व्हिस्टा घ्यायचंच नाही.