दहा मिनिटांत बीफ-भाजी नूडल्स : घरगुती उत्पादनासाठी मानक कार्यपद्धती

उद्देश आणि व्याप्ती

सदर कार्यपद्धती चऱ्होली बुद्रुक आणि परिसरातल्या अशा कुटुंबांसाठी आहे, जिथे एक माणूस चाकणला फर्स्ट शिफ्टला, दुसरा भोसरीत जनरलला आणि तिसरा क्लासला असतो, आजी घरात असते, आणि भूक मात्र चौघांनाही एकदमच लागते. इंद्रायणीपलीकडचं चऱ्होली खुर्द महापालिकेच्या हद्दीत नाही, पण या कार्यपद्धतीच्या हद्दीत आहे.

शीर्षकातली दहा मिनिटं म्हणजे कढईखालचा गॅस चालू असण्याची दहा मिनिटं. त्याआधीची पाऊण तासाची कापाकापी, भिजवाभिजवी, नूडल्स उकळणं आणि सोया सॉसच्या बाटलीचं झाकण उघडण्याची झटापट त्यात धरलेली नाही. यात फसवणूक काही नाही. १९८३ साली मॅगी आली तेव्हा तिनेही दोन मिनिटांचाच शब्द दिला होता. पाणी उकळायला लागणारा वेळ कुणाच्या खाती टाकायचा हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

झटपट स्वयंपाकाचं मूळ शास्त्र पाककलेच्या पुस्तकांत नाही, प्रेस शॉपमध्ये आहे. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी अभियंत्याने १९६९ साली टोयोटाच्या कारखान्यात एक हजार टनी प्रेसचा साचा बदलायला लागणारे चार तास आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणून दाखवले. युक्ती अशी की, मशीन चालू असताना जी कामं उरकता येतात त्यांच्यासाठी मशीन थांबवायचं नाही. पुढचा साचा, बोल्ट, पाने, सगळं आधी शेजारी मांडून ठेवायचं. घरात हेच उलटं लागू होतं : गॅस बंद असताना जे उरकता येतं, त्याला गॅस पेटल्यावर हात लावायचा नाही. चाकण-भोसरी पट्ट्यात हे ट्रेनिंग न झालेला सुपरवायझर शोधून सापडायचा नाही. तोच सुपरवायझर घरी कढईतलं तेल धुरावल्यावर लसूण सोलायला बसतो. शॉपच्या भिंतीवर वस्तू जागच्या जागी ठेवायच्या पाच 'एस'चा बोर्ड त्याने स्वतः लावलेला असतो. झारा कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे मात्र "अगं, तो आपला हा कुठंय?" असं हॉलमधून विचारूनच कळतं.

कच्चा माल : कायदेशीर तपासणी

मटण-चिकनच्या पाककृतीत हा परिच्छेद नसतो. इथे तो टाळता येत नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होतीच. मार्च २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस आणि रेडा आले नाहीत. त्यामुळे राज्यात दुकानावर कायदेशीरपणे जे 'बीफ' मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. दुरुस्तीत असंही कलम होतं की, परराज्यात कापलेल्या गोवंशाचं मांस इथे जवळ बाळगलं तरी गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी बंदी कायम ठेवली, पण हे कलम रद्द केलं. आपल्या घरात आपण काय खातो हा खासगीपणाचा भाग, असं न्यायालयाचं म्हणणं. एका प्लेट नूडल्ससाठी इतकं घटनात्मक पाठबळ क्वचितच कुणाला मिळालं असेल.

तरीही बिल मागावं, आणि नूडल्स पोटात जाईपर्यंत जपून ठेवावं. म्हशीचं मांस आणि बैलाचं मांस यांतला फरक प्रयोगशाळेत कळतो. रस्त्यात पिशवी उघडायला लावणाऱ्यापाशी प्रयोगशाळा नसते, मत असतं.

चऱ्होलीत हा माल कोपऱ्यावर मिळेल अशी आशा धरू नये. पुणे कॅम्प किंवा कोंढव्याची फेरी धरूनच चालावं. दुकानात 'बोटी' मागितली तर रश्श्याचे तुकडे हाती येतात, ते प्रेशर कुकरचे गिऱ्हाईक. आपल्याला हवा 'अंडरकट', म्हणजे पाठीच्या कण्याखालची लांबट, मऊ पट्टी. तो महाग असतो आणि सकाळी लवकर संपतो. दोन प्लेटींना दोनशे ग्रॅम पुरतं.

उत्पादनाचं वार्षिक वेळापत्रकही आधी पाहून घ्यावं. माउलींची पालखी आळंदीहून निघाली की तिचा पहिला विसावा चऱ्होलीच्या हद्दीतल्या थोरल्या पादुकांपाशी असतो. कार्तिकीला आळंदीकडे जाणाऱ्या दिंड्यांनी हेच रस्ते भरून जातात. ते दिवस, सगळ्या एकादश्या, श्रावण आणि आजी सांगेल तो कोणताही वार, हे नियोजित शटडाऊन समजावेत. आजीने सांगितलेल्या वारावर अपील नसतं.

ज्यांना हा माल चालत नाही, मिळत नाही किंवा ज्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर वासावरून आधीच चर्चा झडलेली आहे, त्यांनी बोनलेस चिकन किंवा सोया चंक्स घ्यावेत. कार्यपद्धती बदलत नाही. सोया चंक्सला बिल जपावं लागत नाही, हा एक फायदा.

भाजीपाला

कांदा चाकणचा. ज्या गावचा बाजार कांद्या-बटाट्यावर उभा राहिला, त्या गावच्या कंपनीत आठ तास भरून बाहेरगावचा कांदा घेऊन घरी येणं शोभत नाही. बाकी अर्धं गाजर, एक सिमला मिरची, वाटीभर कोबी, मूठभर पातीचा कांदा. कोबी वाटीभरच. गाडीवरच्या चायनीजमध्ये कोबी निम्म्याहून जास्त का असतो, हे गाडीवाल्याच्या हिशेबाच्या वहीला विचारावं.

पाण्याचंही नियोजन लागतं. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, आणि नव्या टॉवरांचा टँकरशी संसार जुना आहे. दीडशे ग्रॅमचं हक्का नूडल्सचं पाकीट उकळायला दीड-दोन लिटर पाणी जातं, गार करायला आणखी तेवढंच. म्हणून नूडल्स पाण्याच्या दिवशी. उकळल्याचं पाणी मीठ न घालता वापरलं असेल तर गार करून तुळशीला घालता येतं. त्याच शेगडीवर पुढे काय शिजणार आहे हे तुळशीला सांगण्याची गरज नाही.

सेटअप : गॅस बंद

सगळी कार्यपद्धती खरं तर या भागात आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढचे भाग वगळावेत, हा वगळू नये.

मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावं, म्हणजे सुरीखाली घसरत नाही. मग त्याचे धागे कुठल्या दिशेने जातात ते पाहावं आणि त्यांना आडवं, जुन्या रुपयाच्या नाण्याइतकं जाड कापावं. धाग्याच्या दिशेने कापलं तर शिजल्यावरही दाताला रबर लागतं, आणि दोष कसायाला दिला जातो.

मोठ्याचं मांस पातळ, लांब पट्ट्यांत उतरवणं ही काही वॉकबरोबर चीनमधून आलेली विद्या नव्हे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक आहे. चान्या, म्हणजे उन्हात वाळवून ठेवायच्या मांसाच्या पट्ट्या, याच स्वयंपाकातल्या. फ्रीज नव्हता, तेव्हा सुरी आणि ऊन एवढ्यावर मांस महिनोन्‌महिने टिकवलं जायचं. पुस्तक आलं २०१५ साली, म्हणजे कायद्याची दुरुस्ती झाली त्याच वर्षी. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कितीतरी कंपन्यांच्या लाइनवर लातूर, बीड, धाराशिवची पोरं उभी असतात. त्यांतल्या एखाद्याची आजी चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये आली, तर अंडरकट तिच्या हाती द्यावा आणि आपण कांदा सोलावा. ती यूट्यूब पाहणार नाही आणि पट्टी एकसारखी पडेल.

म्हशीचं मांस गडद, कमी चरबीचं आणि स्वभावाने चिवट. त्याला नरम करायला दोनशे ग्रॅमला पाव छोटा चमचा खायचा सोडा आणि चमचाभर पाणी चोळून पंधरा मिनिटं ठेवावं. मग धुऊन, कपड्याने टिपून कोरडं करावं. धुणं विसरलं तर नूडल्सला साबणाची चव येते आणि घरचे आपल्या भांडी घासण्यावर शंका घेतात. कोरडं झालं की एक चमचा सोया सॉस, एक चमचा कॉर्नफ्लोअर, थोडं तेल.

गॅस बंदला अपवाद एकच, नूडल्स : त्या पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट कमी उकळाव्यात, गार पाण्याखाली धराव्यात, निथळून तेलाचा हात लावावा. आठ लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून. एका वाटीत दीड मोठा चमचा सोया सॉस, चमचाभर व्हिनेगर, मिरपूड, चिमूटभर साखर एकत्र. शेजवान चटणीची बाटली झाकण सैल करून.

आता वाट्या कढईच्या डाव्या हाताला, ज्या क्रमाने पडायच्या त्याच क्रमाने मांडाव्यात : मांस, लसूण-आलं, कांदा-गाजर, सिमला-कोबी, नूडल्स, सॉस, पात. मधली वाटी घ्यायला हात आडवा न्यावा लागला तर मांडणी चुकली. फोन दुसऱ्या खोलीत. प्लेटी बाहेर काढलेल्या.

प्रक्रिया : गॅस चालू

घरच्या शेगडीचा मोठा बर्नर आणि चायनीजच्या गाडीवरची भट्टी यांच्या ताकदीत कित्येक पटींचा फरक आहे. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या लाल सिलिंडरचा रेग्युलेटर कमी दाबाने गॅस सोडतो आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं. भट्टीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर घरात आणून बसवण्याची कल्पना एखाद्या मित्राने मांडली, तर मित्र बदलावा. ताकद वाढवता येत नसेल तर लोड कमी करायचा. म्हणून एका वेळी दोनच प्लेटी, आणि त्यातही मांस दोन घाण्यांत.

कारण असं : गार मांसाचा ढीग कढईत पडला की तापमान कोसळतं, मांस पाणी सोडतं, आणि पाणी आहे तोवर कढई शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंगपणा येतो तो साधारण एकशे चाळीसच्या पुढे. ढीग टाकणाऱ्याच्या हाती म्हणून राखाडी रस्सा येतो, आणि तो मग त्याला 'ग्रेव्ही नूडल्स' म्हणतो.

लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी. नॉनस्टिक नको, तिचा लेप इतक्या आचेसाठी नसतो. दोन चमचे तेल, मांसाचा पहिला घाणा पसरून. अर्धा मिनिट हात लावायचा नाही. महाराष्ट्रीय माणसाला हे सर्वांत अवघड जातं, कारण कढईत काही पडलं की ढवळणं हा त्याला संस्कार वाटतो. मग उलटावं, अर्धा मिनिट, बाहेर. दुसरा घाणा तसाच. पुन्हा चमचाभर तेल, लसूण-आलं-मिरची दहा सेकंद, कांदा-गाजर मिनिटभर, सिमला-कोबी आणखी मिनिटभर. कोबी करकरीत असतानाच नूडल्स, वर सॉसची वाटी कढईच्या कडेने. मांस परत आत. दोन झाऱ्यांनी खालून वर उचलत राहावं, शेवटी पात आणि हवी तेवढी शेजवान. गाडीवाल्यासारखी कढई हवेत उडवू नये. गाडीवाल्याखाली डांबरी रस्ता असतो, आपल्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्यांचं छत.

तक्रार निवारण

नूडल्सचा लगदा झाला : जास्त उकळल्या. रीवर्क नाही, वर अंडं फोडून धिरडं म्हणावं.

मांस चिवट : धागा, सोडा किंवा कसाई, याच क्रमाने संशय घ्यावा.

"हे काही खरं चायनीज नाही," असं कुणी म्हणालं : बरोबर आहे. ज्यांच्या नावाने पाकीट विकलं जातं ते हक्का लोक कोलकात्याच्या टांग्रात चामड्याच्या टॅनऱ्या चालवत होते. मंचुरियन कोलकात्यातच जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लबच्या स्वयंपाकघरात जन्माला घातलं. तक्रारदाराला प्लेट द्यावी, तक्रार बंद होते.

वितरण

पहिल्या दोन प्लेटी तयार होताच वाढाव्यात. सगळे एकत्र बसू, हा आग्रह धरू नये. दुसऱ्या घाण्याची वाट पाहण्यात पहिला गार होऊन चिकटतो. कुणाची सेकंड शिफ्ट असली तर त्याच्यासाठी नूडल्स करून झाकून ठेवू नयेत. त्याचं कापलेलं सामान वेगळं फ्रीजमध्ये ठेवावं, कंपनीची बस मोशी सुटली असा फोन आला की कढई चढवावी.

आणि सासरे किंवा वडील प्लेट समोर आल्यावर शांतपणे "पोळी आहे का?" असं विचारतील. नूडल्स म्हणजेच जेवण, हे त्यांना समजावून सांगण्यात वेळ घालवू नये. दोन पोळ्या सकाळच्या ठेवलेल्या असाव्यात. ते नूडल्सची भाजी पोळीत गुंडाळून खातील, वर थोडं लोणचं मागतील, आणि मग आत्तापर्यंत पोळी नको म्हणणारा क्लासवालाही तसंच खायला बसेल.