वायफायचा सातबारा

भिंतीवरचा राउटर, खिशातला अँड्रॉइड फोन आणि टेबलावरचा लिनक्स लॅपटॉप ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल आहे आणि घरोघरच्या कित्येक राउटरांतही तोच नांदतो. फोन आणि राउटर यांचे पासवर्ड टाकताच दोन-चार सेकंदांत जुळते. लॅपटॉप मात्र वाटणीवरून रुसलेल्या धाकट्या भावासारखा अंगणातच उभा असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नेटवर्के त्याला दिसतात, स्वतःच्या घरात तेवढा प्रवेश मिळत नाही. लिनक्सला वायफाय जमत नाही, असे यावर पुष्कळ जण म्हणतात. ते म्हणणे त्या फोनने आणि राउटरने आधीच खोडून काढले आहे. लिनक्सला वायफाय उत्तम जमते. लॅपटॉपवर ते कोणी जमवायचे, हे ठरलेले नाही. दुखणे रेडिओलहरींचे कमी आणि महसूल खात्याचे जास्त आहे. जमीन आहे, पाणी आहे, कसणारे रांगेने उभे आहेत. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, एवढाच वाद आहे.

पुराव्यासाठी वंशावळ काढू. वायफायचे मूळ मानक १९९७ चे. त्याच दशकात लिनक्सवर आयडब्ल्यूकॉन्फिग ही आज्ञा आली. तिला वेप नावाचे एकच कुलूप ठाऊक होते, आणि ते कुलूप किती कच्चे आहे हे फ्लुरर, मँटिन आणि शमीर या त्रयीने २००१ मध्ये दाखवून दिले. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-टू ही नवी कुलपे बाजारात आली. ती उघडायला योउनी मालिनेन या फिनिश प्रोग्रॅमरचा डब्ल्यूपीए सप्लिकंट आला. रेड हॅटने २००४ मध्ये काढलेला नेटवर्कमॅनेजर नंतर त्याच्यावर देखरेखीला बसला. पुढे कर्नलने वायरलेसची आतली मांडणी बदलली, तेव्हा जुन्या आज्ञेच्या जागी आयडब्ल्यू ही सुटसुटीत नावाची आज्ञा नेमली गेली. पण डब्ल्यूपीएचे कुलूप तिलाही उघडत नाही. त्यासाठी पुन्हा सप्लिकंटच्याच दारी जावे लागते. शिवाय तिच्या मदतीच्या मजकुरातच बजावलेले आहे की, या उत्तराच्या स्वरूपावर विसंबून दुसरा प्रोग्रॅम लिहू नये. खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी लावावी आणि खाली ‘येथील माहितीवर विसंबू नये’ असे लिहावे, त्यातला हा प्रकार. नंतर यंत्रातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचा नेटवर्कडी आला, २०१७ मध्ये उबुंटूने नेटप्लॅन पुढे केला, इंटेलने आधी कॉनमॅन आणि मग आयडब्ल्यूडी काढला. प्रत्येकाच्या जन्माला सबळ कारण होते, पण जुन्यांना निरोप देण्याचे कोणी मनावर घेतले नाही. दोन मराठी माणसे जमली की तीन मंडळे निघतात, असे आपण स्वतःला उगाच हिणवतो. हा गुण जागतिक आहे.

आता अर्जाचा प्रवास पाहा. सप्लिकंट या शब्दाचा अर्थच मुळी याचक. कचेरीत एकदा तरी गेलेल्याला हे नाव समजावून सांगायला नको. राउटरच्या बाजूने अर्ज स्वीकारणारा होस्टएपीडी हा प्रोग्रॅमही मालिनेन यांचाच. अर्जदार आणि कारकून एकाच हातचे असल्याने त्यांचे बरे चालते. दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते, पासवर्ड न उच्चारता तो दोघांनाही ठाऊक असल्याची खात्री पटते आणि सोयरीक जमते. आपल्याकडे लग्नाची बोलणी इतक्यात आटोपल्याचे ऐकिवात नाही. घोळ होतो तो त्याआधीच्या टेबलांवर. नेटप्लॅन असलेल्या यंत्रावर माणसाने याम्ल पद्धतीची फाइल भरायची. तिच्यात समास टॅबने सोडला की अर्ज नामंजूर. नेटप्लॅन स्वतः काहीच जोडत नाही. तो ती फाइल वाचून नेटवर्कमॅनेजरला कळवतो आणि तो सप्लिकंटला सांगतो, किंवा कारभार नेटवर्कडीकडे असेल तर नेटप्लॅनच सप्लिकंटला कळवतो, सप्लिकंट कर्नलला, कर्नल ड्रायव्हरला आणि ड्रायव्हर वायफायच्या कार्डातल्या फर्मवेअरला. गुप्ततेचे तर विचारूच नका. सप्लिकंटसोबत येणारी डब्ल्यूपीए-पासफ्रेज ही आज्ञा पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र करून ४०९६ वेळा घुसळते आणि ६४ चिन्हांची अगम्य किल्ली काढते. ती छापताना वरच्याच ओळीत, टीप म्हणून, मूळ पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवते. खात्याची परंपरा अशी पाळावी!

या साऱ्याच्या मुळाशी तंटा जमिनीचा. एकाच कार्डावर सप्लिकंट आणि आयडब्ल्यूडी दोघेही हक्क सांगू लागले की जोडणी लागते, तुटते, पुन्हा लागते. कार्डाचे नाव पूर्वी साधे होते, डब्ल्यूलॅन-झिरो. २०१३ मध्ये सिस्टमडीने यंत्रातल्या जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली आणि डब्ल्यूएलपी-३-एस-० असली नावे आली: तिसरी बस, शून्य क्रमांकाची खाच. थेट गट क्रमांक आणि पोटहिस्सा. नाव कायम राहावे हा हेतू रास्त होता, पण जुन्या नावाने केलेले अर्ज बाद झाले. सर्वांत वादग्रस्त तुकडा म्हणजे रिझॉल्व्ह-कॉन्फ ही फाइल. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता कोणाला विचारायचा, एवढीच एक-दोन ओळींची नोंद तिच्यात असते. त्या दोन ओळींवर नेटवर्कमॅनेजर, जवळजवळ फाइलीच्याच नावाचा रिझॉल्व्हकॉन्फ हा प्रोग्रॅम आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हडी असे तीन दावे. फाइल उघडली की वर पाटी दिसते: हाताने बदल करू नये. वैतागलेले लोक मग तिच्यावर कोणालाच बदल करता येऊ नये असे कुलूप घालतात. कोर्टाची स्थगिती मिळवल्यासारखे वाटते खरे, पण दुसऱ्या गावच्या वायफायवर गेल्यावर तीच स्थगिती आपल्यावर उलटते.

यावर पहिला आक्षेप असा की, दोष लिनक्सचा नाही, कार्ड बनवणाऱ्या कंपन्यांचा आहे. यात पुष्कळ तथ्य आहे. ब्रॉडकॉमच्या कार्डांची कागदपत्रे वर्षानुवर्षे बाहेर आली नाहीत, म्हणून प्रोग्रॅमरांनी ती कार्डे आतून कशी चालतात हे उलट मार्गाने शोधून ड्रायव्हर लिहिला. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. त्याआधी एनडीआयएसरॅपर वापरून विंडोजचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवत असत. विरोधी पक्षाचा आमदार फोडून आपल्या मंत्रिमंडळात बसवावा, तसे. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंदिस्त फर्मवेअर नसे. ते इंटरनेटवरून आणायचे, आणि इंटरनेटसाठी वायफाय हवे. रहिवासी दाखल्यासाठी रेशनकार्ड आणि रेशनकार्डासाठी रहिवासी दाखला मागणाऱ्या खिडकीची आठवण व्हावी! २०२२ मध्ये डेबियनने त्यावर मतदान घेतले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर सोबत येऊ लागले. म्हणजे कंपन्या दोषी होत्याच. पण कंपन्यांच्या दोषाने कार्ड मुके का राहते, एवढेच कळते. कार्ड बोलू लागल्यावर त्याच्या वतीने चार जण एकदम का बोलतात, याचे उत्तर कंपन्यांकडे नाही.

दुसरा आक्षेप: हे सारे जुने झाले, आता एका क्लिकवर जोडणी होते. होते, हे मान्यच. पण का होते? बहुतेक डेस्कटॉपांवर नेटवर्कमॅनेजर हा एकटाच हक्कदार उरला म्हणून. म्हणजे हा आक्षेप आमच्याच बाजूचा साक्षीदार निघाला. अडचण येते ती क्लिक फसल्यावर. मग माणूस उपाय शोधू लागतो आणि त्याला चार पिढ्यांचे उपाय एकाच ताटात वाढून मिळतात. तो ते सगळेच करतो. डेबियनवर जुन्या इंटरफेसेस फाइलीत कार्डाचे नाव लिहिले की नेटवर्कमॅनेजर ‘यांची सोय दुसरीकडे झालेली दिसते’ असे मानून त्या कार्डाला हातच लावत नाही. वैद्य चार आणि काढा एकत्र, म्हटल्यावर रोगी बरा व्हायचा कसा?

तिसरा आक्षेप सर्वांत भारदस्त: निवड हेच तर स्वातंत्र्य. याला उत्तर युनिक्सच्याच दुसऱ्या शाखेत मिळते. ओपनबीएसडीमध्ये कार्डाच्या नावाची एक फाइल असते. तिच्यात जॉइन, नेटवर्कचे नाव आणि किल्ली अशी एक ओळ, आणि पत्ता आपोआप घ्यावा अशी दुसरी. घरगुती वायफायला एवढे पुरते. वेगळा याचक नेमावा लागत नाही. तिथे कार्डांची निवड मर्यादित आहे आणि फर्मवेअर तिथेही बाहेरूनच आणावे लागते, हे खरे. पण या दोन ओळींबद्दल कोणाच्या स्वातंत्र्यावर गदा आल्याची तक्रार नाही. उलट त्याच शाखेतल्या फ्रीबीएसडीचे काही वापरकर्ते वायफायबॉक्स वापरतात: आभासी यंत्रात छोटा लिनक्स पाहुणा म्हणून ठेवायचा आणि वायफायचे काम त्याच्याकडून करून घ्यायचे. लिनक्सच्या कर्तबगारीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? कर्तबगारी आहेच, वानवा आहे ती कारभाऱ्याची. मालक निवडता येणे हे स्वातंत्र्य. सगळ्यांना एकाच वेळी मालक करून ठेवणे ही भाऊबंदकी.

तेव्हा वाचकहो, लॅपटॉप अंगणात अडला तर आधी आरएफकिल या आज्ञेने रेडिओ बंद तर केलेला नाही ना, ते पाहा. कधी कधी सगळा दोष लॅपटॉपच्या कडेवरच्या एका छोट्या बटणाचा असतो. मग कर्नलच्या नोंदींत फर्मवेअर न सापडल्याची तक्रार आहे का, ते वाचा. दोन्ही ठीक असतील तर नवा उपाय शोधत बसू नका. कार्डावर सध्या किती जण हक्क सांगत आहेत, ते मोजा. एकाला ठेवा, बाकीच्यांना नारळ द्या. घरच्या लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजर ठेवला तर बहुतेकांचे भागते. आणि पुढच्या खेपेला आणखी एक नवा, सर्वांची जागा घेणारा प्रोग्रॅम येत असल्याची वार्ता आली, तर त्याला एवढेच विचारा: आधीच्या कोणाचे नाव कमी करून आलास?