अकरावीच्या इंग्रजीस सामोरे जाण्याची शास्त्रोक्त रीत

बागलाण तालुक्यातील नामपूर आणि मोसम खोऱ्यातील आसपासची खेडी येथून दहावी उत्तीर्ण होऊन कनिष्ठ महाविद्यालयात दाखल होणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास (यापुढे ‘नवागत’) पहिला धक्का बसतो तो इंग्रजीच्या पुस्तकाचा. दहावीपर्यंत इंग्रजी ही त्याची तृतीय भाषा होती आणि ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ त्याच्यासारख्यांसाठीच बेतलेले होते. अकरावीत मात्र ‘इंग्लिश युवकभारती’ हे एकच पुस्तक त्यास आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलास सारखेच लागू होते. शिवाय शासनाने २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू केल्यामुळे ‘आम्हाला पाचवीत एबीसीडी शिकवली’ ही वडिलांची सबबही त्याच्या कामी येत नाही.

प्रथम विधी आसनग्रहणाचा होय. नवागताने शेवटून दुसरा बाक धरावा, कारण सरांचे लक्ष शेवटच्या बाकावर असते, ही गोष्ट त्या बाकावरील कोणासही अद्याप उमगलेली नाही.

द्वितीय विधी लिप्यंतराचा, म्हणजे एका लिपीतील मजकूर दुसरीत उतरवण्याचा. प्रत्येक कठीण शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहीत गेल्यास महिन्याभरात मूळ इंग्रजी दिसेनासे होते आणि सरांनी उभे केल्यावर नवागत संपूर्ण परिच्छेद न अडखळता, व अर्थाचा स्पर्शही होऊ न देता, वाचून दाखवतो. उच्चाराऐवजी अर्थ, तोही अख्खे वाक्य दोनदा वाचून झाल्यावर, समासात लिहिला तर बराच उपयोग होतो. परंतु त्यात श्रम असल्याने ही रीत फारशी रूढ नाही.

तृतीय विधी मौनाचा. तासाच्या शेवटी ‘एनी डाऊट्स?’ असे विचारले जाताच ‘नो सर’ हे उत्तर एका सुरात द्यावे. अख्खा वर्ग वर्षभर बिनचूक बोलतो असे इंग्रजी तेवढेच. येथे अभ्यासकाने एक नोंद करणे भाग आहे. हाच मुका नवागत घरी अहिराणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकला आहे आणि बाजार समितीत कांद्याच्या लिलावास वडिलांबरोबर गेला की परप्रांतातल्या ट्रकचालकाशी हिंदीत भाड्याची घासाघीस करतो. म्हणजे इंग्रजी ही त्याची चौथी भाषा झाली. पण घरच्या अहिराणीसाठी प्रगतिपुस्तकात रकाना नाही, आणि ‘पोरगं भाषेत कच्चं आहे’ असे म्हणणारे स्वतः बहुधा दीडच भाषा बोलत असतात!

पुस्तकातील नाट्यविभागाबाबत नवागताने मुळीच धास्ती घेऊ नये. २०१९ साली आलेल्या युवकभारतीत शेक्सपिअरबरोबर हेन्रिक इब्सेन या नॉर्वेच्या नाटककाराचे, मूळ १८८२ सालचे, ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ हे नाटक अंशरूपाने घेतले आहे. गावाच्या उत्पन्नाचा आधार असलेल्या स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे एक डॉक्टर सिद्ध करतो, त्याचा सख्खा भाऊ नगराध्यक्ष असल्याने खर्चाच्या भीतीने प्रकरण दाबू पाहतो आणि अखेर गाव डॉक्टरलाच शत्रू ठरवते. पाणी, भाऊबंदकी आणि निवडून आलेला मोठा भाऊ हे तिन्ही विषय नवागताने पारावर लहानपणापासून ऐकलेले असतात. सरांनी आरंभी एवढे कथानक मराठीत सांगून टाकले, तर पुढचे इंग्रजी तो स्वतः ओढत नेतो, कारण भांडण कोठवर गेले हे त्यास जाणून घ्यायचे असते.

‘एकवीस अपेक्षित’ हा संभाव्य प्रश्नांचा ग्रंथ दिवाळीनंतर विकत घ्यावा, आधी घेतल्यास हरवतो.

राहता राहिले कवितेचे रसग्रहण, म्हणजे आशय, यमक, अलंकार आणि आवडण्याचे कारण यांविषयीचे टिपण. प्रचलित प्रथेप्रमाणे प्रत्येक कवितेखाली ‘भाषा सोपी असल्याने ही कविता मला आवडते’ या अर्थाचे पाठ वाक्य लिहावयाचे असते, मग त्या कवितेतील निम्मे शब्द अनोळखी का असेनात. तेथे आवडलेली, किंवा खरोखर न आवडलेली, एकच ओळ घेऊन दोन मोडकी वाक्ये स्वतःची लिहिली तर क्रियापदापायी अर्धा गुण जाण्याचा संभव असतो. मात्र उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात सोप्या भाषेची स्तुती सकाळपासून वाचत बसलेल्या परीक्षकाचा लाल पेन तेथे क्षणभर थबकतो, आणि थबकलेला परीक्षक सहसा उदार असतो.