चि. स्विफ्ट हिस, न घेणाऱ्यांकडून

चि. स्विफ्ट हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, २०२४ च्या मे महिन्यात तू चौथ्यांदा नवी होऊन आलीस आणि आम्हांला न विचारता आलीस. आम्ही कोण, हे तुला वेगळं सांगायला नको. सोसायटीत कुणाचीही नवी गाडी आली की पार्किंगमध्ये जमून, पेढा तोंडात टाकता टाकता ‘छान आहे हो, पण...’ असं म्हणणारे ते आम्ही. गाडी कुणीही घेवो, मत आमचं असतं. आमच्यापैकी निम्म्यांनी तुझं स्टिअरिंग अजून हातात धरलेलं नाही, त्यामुळे पुढील मजकूर पूर्णपणे निःपक्षपाती आहे याची खात्री बाळग.

सुरुवात मागच्या दाराच्या हँडलपासून करतो. २०१८ साली तू ते नेहमीच्या जागेवरून उचललंस आणि वर, खिडकीच्या शेजारच्या काळ्या पट्टीत दडवलंस. लांबून बघणाऱ्याला दोनच दारं दिसावीत, गाडी जरा स्पोर्टी वाटावी, हा तुझा हेतू. प्रत्यक्षात लग्नाला निघालेल्या आत्याबाई दारावरून हात फिरवत उभ्या राहायच्या आणि आतला माणूस ‘वर, वर, अजून वर’ असं ओरडायचा. आम्ही सहा वर्षं यावर टीका केली. आता तू ते हँडल मुकाट्याने दारावर आणून बसवलंस. आत्याबाई स्वतःच्या हाताने दार उघडतात, बसतात, पदर सावरतात. आणि आता आमचं मत असं झालंय, की तुझी सगळी ऐट गेली. बाजूने पाहिलं तर कुठलीही चारचाकी वाटतेस. आमच्या टीकेचा इतका शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो, बाळ.

दुसरा मुद्दा गंभीर आहे. तुझ्या बॉनेटखालून एक सिलिंडर नाहीसा झाला. आधीचं इंजिन ११९७ सीसीचं, चार सिलिंडरचं, सुमारे ९० पीएसचं. नवंही ११९७ सीसीचंच, पण तीन सिलिंडरचं आणि सुमारे ८२ पीएसचं. नवीन मॉडेल आधीच्यापेक्षा अशक्त, हा काय प्रकार? जाणकार सांगतात, की सिलिंडर कमी म्हणजे घासणारे भाग कमी, म्हणून इंधन कमी लागतं. आणि सरकारने २०२२ पासून प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर किलोमीटरमागे ११३ ग्रॅमच्या आसपास मर्यादा घातली आहे, ती पाळायची तर खपणाऱ्या गाडीनेच पोट मारायला हवं. त्यातून मॅन्युअल गिअरच्या गाडीचा कंपनीने सांगितलेला आकडा लिटरला २२.३८ किलोमीटरवरून २४.८० वर गेला. मान्य. पण तीन सिलिंडरचं इंजिन जात्याच थोडं डुलतं. सिग्नलला उभं असताना सीटखालून बारीक थरथर जाणवते, आणि कात्रजच्या घाटात चार माणसं बसवून एसी लावला की पूर्वीची तुझी ती चौथ्या गिअरमधली मस्ती आठवते.

घाट आम्ही वर्षातून दोनदा चढतो. उरलेले दिवस आम्ही सिंहगड रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून काढतो. तरीही मत घाटाबद्दलच द्यायचं असतं, कारण ट्रॅफिकबद्दल कुणी ऐकून घेत नाही.

यात न्यायाचा मुद्दा वेगळाच. टियागोचं इंजिनही तीनच सिलिंडरचं, पण ती टाटांची, म्हणून तिची थरथर ‘दणकट’. तुझी थरथर तेवढी ‘चिकटपणा’. ह्युंदाईच्या ग्रँड आय टेन नियॉसला अजून चार सिलिंडर आहेत, म्हणून सोसायटीतले एक काका तिची बाजू घेतात. ते वर असंही म्हणतात, की ह्युंदाईने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेतला म्हणजे ती आता आपली, पुणेरीच. नियॉस श्रीपेरुंबुदूरला बनते हे आम्ही त्यांना सांगितलेलं नाही. माणसाच्या अभिमानाला असा धक्का देऊ नये, विशेषतः ते चहा पाजत असताना. आणि सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे तुझ्याच घरातल्या वॅगन आरला १.२ लिटरचं ते जुनं चार सिलिंडरचं इंजिन मिळतं. उभ्या डब्याला चार आणि तुला तीन! घरातल्या घरात असा दुजाभाव आम्ही फक्त वाटण्यांच्या दाव्यात पाहिला आहे.

तुला जुने दिवस आठवत असतील. २००५ साली तू आलीस तेव्हा रस्त्यावर सॅन्ट्रो होती, पिंपरीत जन्मलेली इंडिका होती, आणि तुझं ते गरगरीत, विलायती रूप बघायला लोक थांबत होते. पुढे २००७ साली तुला डिझेल इंजिन मिळालं आणि शहर दोन पक्षांत विभागलं. एक मारुतीवाले, दुसरे टाटावाले. मारुतीवाले म्हणायचे, टाटाचं डिझेल म्हणजे टेम्पो. टाटावाले म्हणायचे, मारुती म्हणजे पत्र्याचा डबा. मग २००८ साली इंडिका व्हिस्टा आली, आणि तिच्यात व तुझ्यात फियाटचं तेच १.३ लिटरचं इटालियन इंजिन धडधडू लागलं. दोन्ही पक्षांच्या बॉनेटखाली एकच इंजिन! भांडण मात्र एक दिवसही थांबलं नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस सहाचे प्रदूषणाचे नियम आले, मारुतीने डिझेल बंद केलं. भांडण अजून चालू आहे. यावरून तुझ्या लक्षात यावं, की मत तयार व्हायला बॉनेट उघडण्याची गरज नसते.

आता सुरक्षिततेकडे वळू. हा विषय आमच्या फार जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यावर बोलायला पैसे पडत नाहीत. ग्लोबल एनकॅपच्या २०२२ मधल्या धडक-चाचणीत तुझ्या आधीच्या अवताराला एक तारा मिळाला, तेव्हा पार्किंगमध्ये आम्ही तुझ्या दारावर टिचकी मारून ‘टण्’ असा आवाज काढला आणि समोर उभ्या टियागोकडे बोट दाखवलं. तिला २०२० सालीच चार तारे होते. दोन निकालांच्या मध्ये चाचणीचे नियम कडक झाले, ही बारीक अक्षरातली गोष्ट आम्ही वाचली नाही. पत्र्याच्या जाडीवर तारे ठरत नाहीत. धडक बसल्यावर आतला सांगाडा किती तग धरतो, पट्टे आणि एअरबॅग आपलं काम कधी आणि कसं करतात, यावर ठरतात, हेही आम्ही ऐकून घेतलं नाही. टिचकीला पर्याय नाही.

मग तू सुधारलीस. सगळ्या मॉडेलना, अगदी सर्वांत स्वस्त मॉडेललाही, सहा एअरबॅग दिल्यास. नितीन गडकरींच्या रस्ते वाहतूक खात्याने सहा एअरबॅगची सक्ती करायचं आधी ठरवलं, मग मुदत वाढवली, आणि २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं गडकरींनीच सांगितलं. तरी तू दिल्यास. तुझीच बहीण, नवी डिझायर, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपकडून प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे घेऊन आली. आम्ही थोडे गोंधळलो. पण आमची तयारी असते. आम्ही लगेच म्हणालो, ‘तारे काय, विकत मिळतात.’

आणि आम्ही स्वतः काय करतो, ते ऐक. नव्या गाडीच्या मागच्या सीटवर जाड कव्हर चढवतो, त्यात बेल्टची कुलपं गाडून टाकतो. पुढचा बेल्ट लावला नाही की गाडी किणकिणते, म्हणून त्या खाचेत एक छोटी क्लिप खोचतो. ती क्लिप ऑनलाइन विकणाऱ्यांना २०२३ मध्ये सरकारने दम दिला, तेव्हा आम्ही चौकातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. मग तिसरीतल्या नातवाला पुढे मांडीवर घेऊन आम्ही सुरक्षिततेवर बोलत बोलत जेवायला जातो.

उंचीचं काय केलंस, हा पुढचा प्रश्न. हल्ली माणसाला गाडीत बसायचं नसतं, चढायचं असतं. २०२४ मध्ये देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी टाटा पंच ठरली आणि चार दशकं मारुतीकडे असलेला पहिला नंबर गेला. पंच ही एसयूव्ही, असं आम्हांला सांगण्यात आलं आहे. तेव्हा ती ३८२७ मिलिमीटर लांब होती आणि तू ३८६०. म्हणजे तुझ्यापेक्षा आखूड गाडी मोठी ठरली, कारण ती जमिनीपासून १८७ मिलिमीटर वर उभी राहायची आणि तू १६३. ह्युंदाईने तर याहून सोपं केलं. नियॉसचंच १.२ लिटरचं इंजिन, तेवढीच ३८१५ मिलिमीटरची लांबी, वर चौकोनी खांदे आणि छपराला काचेची खिडकी, झाली एक्स्टर. दोन अंगुळं उंचीसाठी लोक आनंदाने जास्त पैसे मोजतात, कारण ‘खड्डे किती आहेत बघा ना.’ खड्डे आहेत हे खरं. खड्डे बुजवण्यापेक्षा गाडी उंच करणं सोपं, हा शोध महापालिकेचा की गाडी कंपन्यांचा, यावर आमच्यात एकमत नाही.

तुला वाटत असेल, की तुझं रूप कुणा जपानी डिझायनरने पेन्सिलीने काढलं. भोळी आहेस. तुझा खरा डिझायनर दिल्लीत बसतो आणि त्याच्या हातात कात्री असते. २००६ च्या अर्थसंकल्पात ठरलं, की चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला उत्पादन शुल्क २४ ऐवजी १६ टक्के. तेव्हापासून सगळ्या जणी त्या उंबऱ्याखालून वाकून जातात. तू ११९७ सीसी, नियॉस ११९७, टियागो आणि पंच ११९९. तुझ्या बहिणीची तर डिकीच कापली. २००८ ची डिझायर चार मीटरहून लांब होती, २०१२ ची ३९९५ मिलिमीटरवर येऊन थांबली, आणि त्या पाच मिलिमीटरच्या अंतराला आम्ही ‘कॉम्पॅक्ट सेडान’ म्हणू लागलो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आखूड गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आणि मोठ्यांवर ४० टक्के. कात्रीला धार लावली गेली, एवढंच.

म्हणजे बघ, निम्मी तू कराने घडलीस आणि निम्मी आमच्या मतांनी. मतं म्हणजे आम्ही बोलतो ती नव्हेत हं. बोलायची मतं सुरक्षिततेची, ताकदीची, ऐटीची. कंपनी ती ऐकते आणि सोडून देते. ती बघते चेक कशावर फाटतो. शोरूममध्ये शिरल्यावर आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘ॲव्हरेज किती?’ दुसरा, ‘रिसेलला कशी?’ तिसरा, ‘पांढऱ्यात लगेच मिळेल का?’ तुझा तो नवा निळा रंग आम्ही दहा मिनिटं कौतुकाने न्याहाळतो, आणि बुकिंग पांढऱ्याचं करतो. तू आम्हांला जे दिलंस ते सगळं आम्हीच मागितलं होतं. आमचा राग त्याचाच आहे.

असो. पत्र लिहायचं म्हटल्यावर मागण्या हव्यात. त्या खालीलप्रमाणे.

१. इंजिन चार सिलिंडरचं असावं, ॲव्हरेज तीन सिलिंडरचं.

२. पत्रा जाड असावा, वजन वाढू नये. टिचकीचा आवाज ‘धप्’ असा यावा.

३. बाहेरून इतकी लहान असावीस, की लक्ष्मी रोडला मावशील. आतून इतकी मोठी, की गणपतीला कोकणात जाताना पाच माणसं, सहा बॅगा आणि परतताना दोन फणस मावतील. सध्याची २६५ लिटरची डिकी एका फणसातच संपते. सीएनजी घेतली तर तोही मांडीवर. टियागोने दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी निजवून जागा वाचवली, तेवढं बघून शिक. शेजारणीकडून चांगलं घ्यायला लाजू नये.

४. जपानमध्ये तुला सीव्हीटी गिअर, माइल्ड हायब्रिड आणि स्वतः ब्रेक लावणारा रडार मिळतो. इथे मिळतो तो ऑटोमॅटिक प्रत्येक गिअर बदलताना आमची मान होकारार्थी हलवतो. आम्ही कशालाच होकार देत नसतो, त्यामुळे हे आमच्या स्वभावाविरुद्ध आहे.

५. सनरूफ द्यावं. उन्हामुळे ते उघडता येणार नाही, धुळीमुळे उघडवणार नाही आणि पावसात उघडणार नाही. तरी द्यावं. लहान मुलं वरातीत उभी राहतात.

६. मागच्या सीटला एसीची हवा या वेळी प्रथमच दिलीस, त्याबद्दल आभार. ती पुढे बसलेल्यांना कमी का येते, याचा खुलासा व्हावा.

७. किंमत २००५ ची असावी.

यातल्या एकाही मागणीवर तडजोड नाही. तोवर आम्ही नेहमीप्रमाणे थांबू. आमचा सल्ला तुला ठाऊक आहेच: आत्ता घेऊ नका, पुढच्या वर्षी फेसलिफ्ट येतंय. तो सल्ला देत देत आमच्यातल्या कित्येकांनी तुझे आधीचे तीनही अवतार सुखरूप टाळले आहेत.

कळावे, लोभ असावा.

तुझे,
पार्किंगमधले हितचिंतक

ता. क. वरच्या मागण्यांची यादी घेऊन आम्ही शोरूममध्ये गेलो होतो. तिथल्या मुलीने आम्हांला पाणी दिलं, कॅल्क्युलेटर काढला, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, विमा आणि मॅट धरून हिशेब मांडला आणि म्हणाली, ‘सर, हे सगळं घातलं तर ऑन रोड १५ लाखांच्या वर जाईल.’ आम्ही तिला सांगितलं ते तुलाही सांगून ठेवतो. १५ लाख असते तर आम्ही तुला कशाला पत्र लिहिलं असतं? क्रेटाला लिहिलं असतं.